विटाळ, धूळ आणि फुप्फुस : न उतरणाऱ्या तापाचा नागपुरी इतिहास



उत्तर नागपुरातल्या कुठल्याही वस्तीत कुणाचा ताप पंधरा दिवस उतरला नाही आणि खोकला थांबला नाही, तर घरात ठरलेल्या क्रमाने गोष्टी घडतात. आधी मेडिकल स्टोअरमधून गोळ्या येतात. मग गल्लीतल्या डॉक्टरची सुई. मग शेजारची कुणी बाई हळूच सुचवते की एकदा बाहेरचंही बघून घ्या. दीक्षेनंतर घरातले देव गेले, पण अंगारा काही घरांत अजून टिकून आहे. हे आपण कबूल केलं पाहिजे. या सगळ्यात महिना जातो आणि मग माणूस मेयोच्या नाहीतर मेडिकलच्या रांगेत उभा राहतो. तिथे केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहिला जातो. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द पडतो : मजूर.

या एका शब्दाशी आमचं भांडण आहे. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितलं की वैद्याने रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : तू काम काय करतोस? ताग आणि अंबाडी पिंजणाऱ्यांना सततचा खोकला आणि दमा लागतो हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्या केसपेपरवर अजूनही फक्त मजूर.

आता नागपूरकडे येऊ. लांबलेल्या ताप-खोकल्याची कारणं डॉक्टर सांगतीलच. क्षय, न्यूमोनिया, मलेरिया, टायफॉईड, पावसाळ्याच्या शेवटी विदर्भात डोकं वर काढणारा स्क्रब टायफस, दमा. ही यादी खरी आहे आणि तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कोणता जंतू कोणाच्या छातीत जाऊन बसेल, कोणाला तो लवकर सापडेल आणि कोणाला उशिरा, हे जंतू ठरवत नाही. ते कोण ठरवतं, हे आपल्या शहराच्या इतिहासात लिहिलेलं आहे.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. जागा जुम्मा तलावाजवळची, ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतो. बेझनजी मेहता हे तिथले व्यवस्थापक. बेझनबाग हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव त्यांच्यावरूनच पडलं. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी, रेल्वे हाताशी आणि मजूर तर हवे तेवढे.

हे मजूर कुठून आले? विदर्भातले महार केवळ गावकीची कामं करणारे नव्हते. जाडंभरडं कापड विणणं हा त्यांच्यातल्या अनेकांचा पिढीजात धंदा होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे खंड छापले त्यांतही ही नोंद आहे. म्हणजे आपला माणूस विणकर होता. गिरणीच्या सुताने आणि कापडाने त्याचा माग बंद पाडला आणि त्याच गिरणीने त्याला रोजावर घेतलं. पण विणकर म्हणून नाही. नागपूरच्या जुन्या गिरणी कामगारांच्या घरी बसा. विणाई कोष्ट्यांची आणि कताई आपली, अशी वाटणी त्यांच्या बोलण्यात सहज येते. जणू तो निसर्गनियमच होता.

कापसाच्या गिरणीत सगळीकडे सारखी धूळ नसते. गाठी फोडून कापूस मोकळा करतात ती ब्लो रूम आणि तो विंचरतात ते कार्डिंग, ही सगळ्यात धुळीची खाती. त्यानंतर कताई. विणाई खात्यापर्यंत सूत पोचतं तोवर कचरा बराचसा निघून गेलेला असतो. तिथला आवाज कान फोडतो, पण कापसाची धूळ कमी. ही धूळ म्हणजे नुसते तंतू नव्हेत. बोंडाभोवतालच्या वाळक्या पाल्याचा चुरा, माती, बुरशी आणि जिवाणूंचे विषारी अंश त्यात असतात. नवा कामगार त्यात शिरला की पहिले काही दिवस त्याला थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, खोकला लागतो. इंग्लंडच्या गिरण्यांत याला मिल फीव्हर म्हणत. तो ताप जातो आणि माणसाला वाटतं, अंगवळणी पडलं.

खरा आजार काही वर्षांनी येतो. आठवड्याची सुटी घेऊन कामगार पहिल्या पाळीला आत शिरला की छाती आवळल्यासारखी होते, श्वास कोंडतो, खोकला येतो. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. मग पुढची सुटी आणि पुन्हा तेच. पुढे तो एका दिवसाचा त्रास सगळ्या आठवड्याचा होतो, आणि शेवटी गिरणी सुटली तरी श्वास परत येत नाही. या रोगाचं नाव बिसिनोसिस. लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्याचे टप्पे ठरवले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांवर डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात काम केलं. तोपर्यंत हिंदुस्थानच्या उष्ण हवेत हा रोग फारसा होत नाही, असं मानणारे तज्ज्ञ होते. एम्प्रेस मिल सुरू होऊन तेव्हा जवळपास शंभर वर्षं झाली होती!

या रोगाची एक खोड समजून घ्या. छातीच्या एक्स-रेवर तो स्वतःची अशी काही खूण ठेवत नाही. फुंकर मारून श्वास मोजायची चाचणी करावी लागते, तीही पाळीच्या आधी आणि पाळीनंतर, आणि शिवाय कामगाराला विचारावं लागतं की त्रास कोणत्या वारी जास्त होतो. हे कोणी केलं नाही तर निदान ठरलेलं : दमा, ब्राँकायटिस, विडीचा खोकला, नाहीतर टीबी. विडी ओढणाऱ्याला तर सुटकाच नाही. दोष थेट त्याच्या ओठांवर ठेवता येतो. विडी फुप्फुसाचं वाटोळं करते आणि बिसिनोसिस आणखी बिघडवते, हे खरंच आहे. पण विडी दिसते आणि धूळ दिसत नाही, कारण विडी कामगाराची आहे आणि धूळ मालकाची.

टाटांच्या बाबतीत न्याय्य बोलायचं तर एम्प्रेस मिल त्या काळच्या इतर गिरण्यांपेक्षा पुढे होती. १८८६ साली तिथे पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई देणं सुरू झालं. त्या काळात हे मोठं होतं. पण भरपाई कशाची? मशीनमध्ये बोट गेलं तर अपघात. वीस वर्षांत फुप्फुस गेलं तर तो अपघात नव्हता, तो कामगाराचा स्वभाव होता. मिल १९८६ साली टाटांच्या हातून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल आहे. तिथे एसी आहे, धूळ अजिबात नाही.

पण विणाई खात्याचं दार आपल्याला बंद का होतं? इथे आपण धोट्यावर थोडं थांबू, कारण जात आणि जंतू यांचा संबंध इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो.

जुन्या मागावर धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली. सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढायचं तर सगळ्यात झटपट उपाय म्हणजे छिद्राला तोंड लावून श्वासाने धागा ओढायचा. लँकेशायरमध्ये याला धोट्याचं चुंबन म्हणत. एक कामगार अनेक माग बघतो, पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. म्हणजे एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात. मुंबईच्या गिरण्यांत सवर्ण विणकरांनी म्हटलं, अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. विषय संपला. ज्या खात्यात मजुरी चांगली होती ते खातं आपल्याला बंद झालं.

१९२८ च्या मुंबईच्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांना संपात राहू नका असं सांगावं लागेल, असं त्यांनी बजावलं. कामगार एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्या पुढाऱ्यांनी मागणी घातली, पण नाइलाजाने. मालकांना तर आयतीच संधी मिळाली. ते म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्या कामगारांचा आहे. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, तेव्हाही गिरणीतल्या या बंद दाराचा दाखला त्यांनी दिला. आज जे मित्र आपल्याला सांगतात की आधी वर्ग, जातीचं नंतर बघू, त्यांना आम्ही धोटा दाखवतो.

आता याच धोट्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायदा करून तोंडाने धागा ओढायच्या धोट्यावर बंदी घातली. का? थुंकीतून क्षय पसरतो म्हणून. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला होता. त्यानंतर तीस वर्षांच्या आत एका ठिकाणच्या कायदेमंडळाला कळलं की तोंडातोंडी फिरणारा धोटा सगळ्याच कामगारांना धोक्याचा आहे. उपाय सोपा होता. हाताने धागा ओवता येईल असा धोटा बनवायचा. मुंबईतही धोटा तोच, थुंकी तीच, जंतू तेच. पण इथे कोणी म्हटलं नाही की ही पद्धत बंद करा. इथे म्हटलं गेलं, हा माणूस बंद करा. सवर्ण विणकर एकमेकांची थुंकी चाटत राहिले, एकमेकांचा खोकला घेत राहिले, कारण ती थुंकी पवित्र होती. आणि आपला माणूस विटाळाच्या नावाखाली कताईच्या धुळीत राहिला. विटाळाच्या कल्पनेने कोणाचंच रक्षण केलं नाही. तिने फक्त कोणी कुठे आजारी पडायचं याची वाटणी केली. धूळ कुणाच्या वाट्याला आली हे कोणी मुद्दाम कट करून ठरवलं असं आम्ही म्हणत नाही. कट करायची गरजच नव्हती. चांगली खाती बंद असली की उरतं ते वाट्याला येतं.

विटाळ आजाऱ्याच्या उशाशी कसा येऊन बसतो याचा एक प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात घेतला आहे. १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आलेलं हे काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र होतं. त्याच्या बाळंत पत्नीला ताप चढला, श्वास लागला. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांकडून शब्द टाकून, दोन रुपये फी कबूल करून तो आला, तोही वस्तीबाहेर तपासायच्या अटीवर. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला उचलून बाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. पुढे तो पुन्हा बघायला आलाच नाही. बाई गेली.

हा प्रसंग आम्ही नव्या कार्यकर्त्यांना वाचायला देतो. डॉक्टर शिकलेला होता, थर्मामीटर विलायती होता, निदान बरोबर होतं. विज्ञानाची काहीच कमतरता नव्हती. फक्त छातीला नळी लावायला डॉक्टरचा हात पुढे आला नाही. आणि याच्या उलट चित्र आपल्याच महाराष्ट्रात बत्तीस वर्षं आधी दिसलं होतं. पुण्याच्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा तापाने फणफणलेला मुलगा पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणला. मुलगा वाचला. माई १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या.

आकड्यांशिवाय बोलतो असं कोणी म्हणू नये म्हणून १९१८ चा इन्फ्लुएंझा घ्या. ताप, खोकला, न्यूमोनिया आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आपला मुलूख, सगळ्यात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी होता. त्या वर्षी पाऊसही पडला नव्हता, धान्य महाग झालं होतं. मुंबई शहरात मृत्यूंची नोंद जातवार ठेवली गेली होती. दर हजारी युरोपियन ८.३, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना नोंदीत खालच्या जातीचे हिंदू म्हटलं होतं ते ६१.६. युरोपियनांच्या सातपटीहून जास्त. सवर्णांच्या तिपटीहून जास्त. साथ सगळ्यांना सारखीच लागते असं आपण कोविडच्या काळातही ऐकलं. विषाणूच्या बाजूने ते खरं असेल. एका खोलीत आठ जण झोपणं, पोट रिकामं असणं, घरी कोणी पाणी द्यायला उभं नसणं आणि दवाखान्याची पायरी चढायला भीती वाटणं, हे विषाणू आपल्यासोबत आणत नाही.

या सगळ्यात आपले लोक गप्प बसले होते का? मुळीच नाही. आणि इथे नागपूरच्या बायका पुढे येतात. त्यांचा उल्लेख आपल्या सभांमध्ये फार कमी होतो, हे आम्हाला खटकतं. नागपूरच्या गिरणी कामगार राधाबाई कांबळे यांनी १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरपुढे साक्ष दिली. गिरणीतली बाई कमिशनसमोर उभी राहून कामाची परिस्थिती सांगते, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. २० जुलैला महिला परिषद झाली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेचे ठराव वाचले तर आज थक्क व्हायला होतं. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, हे तर होतंच. त्याबरोबर गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाली तर पुरेशी भरपाई आणि म्हातारपणी किमान १५ रुपये पेन्शन, ही मागणी होती. किरकोळ रजा म्हणजे काय? ताप आला तर घरी पडून राहता यावं आणि रोज बुडू नये. ज्याला रजा नाही त्याचा ताप दोन दिवसांत उतरायलाच हवा, नाहीतर तो अंगावर काढावा लागतो. लांबलेल्या तापाचं हे एक कारण कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नाही. ते या ठरावात आहे.

त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंत त्या खात्यातून काय काय झालं याची यादी आपल्या पोरांना पाठ आहे, पण ताप-खोकल्याच्या नजरेने ती पुन्हा वाचा. ४८ तासांचा आठवडा म्हणजे धुळीत घालवायचे तास कमी. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि कामगारांच्या घरांपर्यंत गेले. मजूर खात्याने १९४३ साली बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला बसवलं. त्यांचा अहवाल १९४४ ला आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या कायद्याने आजारपणात पगाराचा काही भाग मिळण्याची, आणि क्षयासारख्या लांबणाऱ्या रोगात तो दीर्घकाळ मिळण्याची सोय केली. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नोंदवला गेला. म्हणजे जे एकेकाळी कामगाराचं नशीब होतं ते कायद्याने मालकाचं देणं झालं. पण कायदा लागू व्हायला कामगार कागदावर असावा लागतो. कामठीत घरी बसून विड्या वळणारी बाई, भांडेवाडीच्या कचऱ्यात प्लास्टिक वेचणारा पोरगा, कंत्राटावरचा सफाई कामगार, मिहानच्या बांधकामावर ग्राइंडरने दगड कापणारा, यांचं काय? दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात घट्ट बसते आणि ज्याला सिलिकोसिस होतो त्याला क्षय होण्याचा धोकाही कैकपट वाढतो. गिरणी गेली, धूळ गेली नाही. ती वस्तीत पसरली.

क्षयाबद्दल थोडं सविस्तर बोलणं भाग आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, कधी थुंकीत रक्त. एवढं दिसलं की थुंकी तपासायचीच. ही तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. पण आपल्या घरांतून हा रोग लपवला जातो. मुलीचं लग्न अडेल, सून माहेरी पाठवली जाईल, किराणावाला सुट्टे पैसे हातात देणार नाही. ज्या समाजाने विटाळाविरुद्ध चवदार तळ्यावर पाऊल टाकलं, त्याच समाजातल्या काही घरांत टीबीच्या रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवली जाते, हे बघून आम्हाला संताप येतो. क्षय ताटातून पसरत नाही. तो खोकल्यातून, कोंदट हवेतून पसरतो. ताट वेगळं करू नका, खिडकी उघडा. आणि औषध सुरू झालं की काही आठवड्यांत रुग्णापासूनचा धोका बहुतेक वेळा खूपच कमी होतो.

मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासाने जगाचं मत बदललं. तोवर समज होता की क्षयरोग्याला थंड हवेच्या सॅनेटोरियममध्ये दूध-अंड्यांवर ठेवल्याशिवाय तो बरा होत नाही, म्हणजे गरिबाने मरावं. मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांना घरीच, त्याच अपुऱ्या अन्नावर, गोळ्या दिल्या आणि ते सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच जवळपास बरे झाले. आमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की गरिबी आहे म्हणून इलाज होणार नाही, हे कोणालाही म्हणू देऊ नका. पण काही लोक यावरून दुसऱ्या टोकाला जातात : गोळी पुरे, भाकरीचं कशाला काढता? त्यांनी झारखंडमधला ‘राशन्स’ हा अभ्यास वाचावा. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापला गेला. क्षयरुग्णाच्या घरातल्या बाकीच्यांना जादा शिधा दिला तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. ना नवी लस, ना नवं औषध. तांदूळ, डाळ. गोळी रोग्याला बरं करते, भाकरी घरातल्या पुढच्याला रोगी होऊ देत नाही. सरकार रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला पैसे देतं. २०१८ ला ते ५०० होते, २०२४ च्या शेवटी १००० झाले. ते रुग्णाच्या खात्यात वेळेवर पडतात का, हे बघणं कार्यकर्त्याचं काम आहे.

आणखी एक कारण, जे आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावं. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. तरी राष्ट्रीय मोहीम यायला २०२३ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात हा लढा नागपुरात सिकलसेल सोसायटीच्या संपत रामटेके यांच्यासारख्यांनी चालवला. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, खोकला, छातीत दुखणं आणि धाप लागणं एकत्र आलं तर तो साधा सर्दी-खोकला समजू नये. फुप्फुसातला रक्तप्रवाह अडला असू शकतो आणि तासातासाने जीव धोक्यात येतो. घरी थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि सिकलसेल असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

हा रोग आपल्या रक्ताचा दोष आहे असं कोणी म्हटलं तर त्यालाही उत्तर आहे. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे सिकलसेलचा एकच जनुक असलेली माणसं मलेरियातून जास्त तगली, म्हणून तो जनुक टिकला. आणि तो ठरावीक समाजांतच साचून का राहिला? मुली-मुलांची लग्नं जातीतच होतात म्हणून. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितलं होतं की जातीचं मूळ सजातीय विवाहात आहे. लग्नाच्या आधी पत्रिका नाही, सिकलसेलची तपासणी जुळवून बघा, हे आम्ही वधूवर मेळाव्यांत सांगतो तेव्हा काही ज्येष्ठ नाराज होतात. होऊ द्या.

आता कामाचं. या पावसाळ्यापासून आपल्या वस्तीत आरोग्य शिबिर घेणाऱ्या प्रत्येक मंडळाला आमची एक विनंती आहे. नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात मजूर लिहू नका. काय काम, किती वर्षं, धूळ कशाची, त्रास कोणत्या दिवशी जास्त, घरात आधी कोणाला क्षय, सिकलसेलची तपासणी झाली का, ताप किती दिवसांचा, हे सगळं त्याच्याच शब्दांत लिहा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीच्या डबीसह माणसासोबत एक कार्यकर्ता पाठवा, नुसती चिठ्ठी नको. एम्प्रेस आणि मॉडेल मिलमध्ये काम केलेले जे म्हातारे अजून आपल्यात आहेत त्यांच्याकडे खास जा. ते कोणत्या खात्यात होते ते विचारा, त्यांचं जुनं ओळखपत्र किंवा पगाराची पावती असेल तर फोटो काढून ठेवा, आणि श्वास मोजण्याची चाचणी करून घ्या. वही भरली की तिची एक प्रत आम्हाला पाठवा. नावं झाकून पाठवा, खाती झाकू नका.